स्प्रिंगबॉक्स वि. ऑल ब्लॅक्स: ६३-४३ असेल तर 'सगळ्यात मोठं वैर' कशाला म्हणतात?

शंकेखोर

मंडळी, रग्बीत मी अगदी नवखा, नियम अजून अर्धेच कळतात, ऑफसाइड म्हणजे नेमकं काय हे तर मला वाटतं रेफरीलाही नीट माहीत नसावं. पण २०२५ च्या सप्टेंबरमधली वेलिंग्टनची न्यूझीलंड (ऑल ब्लॅक्स)-द. आफ्रिका (स्प्रिंगबॉक्स) मॅच सहज म्हणून लावली आणि शेवटपर्यंत जागचा हललो नाही. हाफटाइमला न्यूझीलंड १०-७ ने पुढे होतं, म्हटलं चला यजमान जिंकणार, आणि दुसऱ्या हाफमध्ये आफ्रिकेने ३६ पॉइंट काढले, समोरच्यांना भोपळा. ४३-१०. कॉमेंटेटर सारखे बोलत होते की ऑल ब्लॅक्सचा इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव, आणि रग्बीतलं सगळ्यात मोठं वैर, आणि काय काय.

मग मी बसलो खोदत. २०२५ संपेपर्यंत दोघांच्या ११० टेस्ट (म्हणजे देश विरुद्ध देश अधिकृत सामने) झाल्या, न्यूझीलंड ६३, आफ्रिका ४३, चार बरोबरीत. आता हे असं असेल तर वैर कसलं, वीसचा फरक आहे राव, याला आपल्यात मोठ्या भावाने धाकट्याला धुतलं म्हणतात. शिवाय जुन्या मॅचेस बघितल्या तर पहिल्या साठ वर्षांत फक्त ३७, म्हणजे वर्षाला एक पण नाही, आणि स्कोअर काय तर ०-०, ९-५. हॉकी आहे का ही?

जाणकारांनी समजावून सांगा. उगाच हवा केली आहे की खरंच काही आहे यात.

---

आकडेमोड

आकडे बरोबर आहेत, वाचताना गफलत होते आहे. मधे एक रेघ मारा, १९८१ नंतर.

रेघेच्या वर: १९२१ ते १९८१, ३७ टेस्ट. द. आफ्रिका २०, न्यूझीलंड १५, बरोबरी २. म्हणजे तेव्हा थोरला भाऊ आफ्रिका होता.
मग ११ वर्षं शून्य, आफ्रिकेतल्या वर्णभेदामुळे.
रेघेच्या खाली: १९९२ ते २०२५, ७३ टेस्ट. न्यूझीलंड ४८, आफ्रिका २३, बरोबरी २.

रेघेच्या वरच्या काळात जगातल्या बाकीच्या टीमना ऑल ब्लॅक्स रगडत असत आणि इथे मात्र मागे होते. त्यातही आपापल्या घरात जो तो वाघ. न्यूझीलंडने आफ्रिकेत जाऊन मालिका जिंकली ती थेट १९९६ मध्ये, शॉन फिट्झपॅट्रिक कॅप्टन, प्रिटोरियाच्या लॉफ्टस वर्सफेल्डवर ३३-२६. त्याआधी १९२८ ला २-२ बरोबरी आणि मग १९४९, १९६०, १९७०, १९७६ चारही वेळा हरून घरी. उलट बाजूने आफ्रिकेने न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली ती फक्त एकदा, १९३७ ला.

मॅच कमी का, तर बोटीने जायचं, चार-पाच महिने घर-नोकरी सोडून, सगळे हौशी, पैसा मिळत नाही. त्यामुळे सुरुवातीला एकेका मालिकेनंतर सात ते बारा वर्षं थांबायचं. १९९५ ला खेळ प्रोफेशनल झाला, १९९६ पासून ट्राय नेशन्स (हे दोघे आणि ऑस्ट्रेलिया यांची स्पर्धा) सुरू झाली, तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी गाठ पडते.

स्कोअर: ट्रायला (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवणं) १९७१ पर्यंत ३ पॉइंट होते, मग ४, आणि १९९२ पासून ५. जुना स्कोअर आजच्या हिशोबाने वाचला तर चुकणारच. ते ०-० म्हणजे १९२१ ची तिसरी टेस्ट, वेलिंग्टनलाच, पावसात आणि चिखलात. पहिली टेस्ट डनेडिनला न्यूझीलंडने १३-५ जिंकलेली, दुसरी ऑकलंडच्या ईडन पार्कवर आफ्रिकेने ९-५, आणि तिसरी ही अशी. मालिका लटकली. पुढच्या गाठीला सात वर्षं.

---

नाक्यावरचा

सात वर्षं राग धरून बसायचं म्हणजे चेष्टा नाही. आमच्याकडे भाऊबंदकीतसुद्धा एवढा दम नसतो. 😀

बसतो इथेच, कोणीतरी लिहा अजून.

---

सोळावा गडी

आकडेमोड यांनी सांगाडा दिला, मी जरा मांस चढवतो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ह्या दोन टीमचं भांडण मुळात स्क्रमवरून आहे असं माझं स्पष्ट मत आहे. (स्क्रम म्हणजे ते आठ-आठ धटिंगण डोकी गुंतवून रेटारेटी करतात ते, शंकेखोर यांच्यासाठी.) १९२८ ला ऑल ब्लॅक्स आफ्रिकेत गेले तेव्हा त्यांची पुढची रांग दोघांची होती, २-३-२ अशी मांडणी आणि एक गडी मोकळा बाहेर, आणि आफ्रिकेची मांडणी ३-४-१. दरबनच्या पहिल्या टेस्टमध्ये १७-० ने धुतले गेले. त्यातले १४ पॉइंट एकट्या बेनी ऑसलरचे, दोन पेनल्टी, दोन ड्रॉप गोल, तेव्हा ड्रॉप गोलला (चालू खेळात बॉल टप्पा पाडून मारलेली किक) चार पॉइंट असायचे. पण मालिका शेवटी २-२ सोडवली न्यूझीलंडने, हे त्यांचं कौतुक.

मग १९३७. ईडन पार्क, तिसरी टेस्ट, मालिका १-१. मॅचच्या आधी आफ्रिकेच्या टीमला तार येते पॉल रूस यांची, हे १९०६ च्या पहिल्या स्प्रिंगबॉक टीमचे कॅप्टन. तारेत मजकूर एकच शब्द तीनदा, स्क्रम स्क्रम स्क्रम. तेव्हाच्या नियमात बॉल बाजूला गेला की लाइनआऊटऐवजी (बॉल बाजूने आत फेकून खेळ सुरू करणं) स्क्रम मागता यायचा, आणि हे तो मागतच राहिले, मागतच राहिले. १७-६. आफ्रिकेचे पाच ट्राय, न्यूझीलंडचा एकही नाही. पाच त्रिक पंधरा आणि एक कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा किक, २ पॉइंट), झाले सतरा. आजच्या हिशोबाने हाच स्कोअर २७-६ होतो, तेव्हा ०-० आणि १७-६ ला हसू नका. आणि गंमत अशी की त्यानंतर आजतागायत, म्हणजे मी लिहितोय तोपर्यंत, आफ्रिका ईडन पार्कवर परत जिंकलेली नाही! वेलिंग्टनला ४३-१० केलं ना, त्याच्या बरोबर आठवडा आधी ईडन पार्कवर हेच लोक १७-२४ हरले होते.

१९४९ तर न्यूझीलंडवाले विसरायला बघतात. ४-० मार खाल्ला. केपटाऊनच्या न्यूलँड्सवर यांचे ११ पॉइंट आणि आफ्रिकेचे १५, सगळे ओकी गेफिनच्या पाच पेनल्टीतून. हा गेफिन प्रॉप होता म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेतला जाडजूड गडी, किकर वगैरे नव्हे, दुसऱ्या महायुद्धात कैदी झालेला आणि छावणीत किक मारायचा सराव केलेला. त्या काळी रेफरीसुद्धा यजमान देशाचाच असायचा, तेव्हा पेनल्टी कोणाला किती मिळाल्या यावर न्यूझीलंडमध्ये कित्येक वर्षं लोक कुढत होते. आणि ३ सप्टेंबर १९४९ ला तर एकाच दिवशी न्यूझीलंडच्या नावावर दोन टेस्ट पराभव लागले, दरबनला आफ्रिकेकडून ३-९ आणि घरी वेलिंग्टनला ऑस्ट्रेलियाकडून ६-११. एकाच दिवशी दोन ठिकाणी दोन टीम!

त्याचा वचपा १९५६ ला. तेव्हा न्यूझीलंडमध्ये वातावरण असं की सगळा देश रेडिओला कान लावून. आफ्रिकेच्या प्रॉपनी पहिल्या दोन टेस्टमध्ये यांच्या पुढच्या रांगेला बेदम रगडलं म्हणून निवृत्त झालेल्या केव्हिन स्किनरला परत बोलावलं. स्किनर म्हणजे न्यूझीलंडचा माजी हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन. आता बॉक्सरला स्क्रममध्ये कशासाठी बोलावतात हे मी सांगायला नको. एका बाजूच्या प्रॉपशी हिशोब झाला की मॅचमध्येच बाजू बदलून दुसऱ्याकडे गेला म्हणतात. न्यूझीलंडने मालिका ३-१ जिंकली, आफ्रिकेविरुद्ध पहिल्यांदाच, पस्तीस वर्षांनी.

अजून १९६५ ची ख्राइस्टचर्च राहिली. हाफटाइमला आफ्रिका ५-१६ मागे, चिखलात, आणि शेवटी १९-१६ जिंकले, टायनी नौडे नावाच्या लॉकने (स्क्रमच्या दुसऱ्या रांगेतला गडी) लांबून पेनल्टी घातली. टायनी नाव फक्त, माणूस ताडमाड. आणि १९७० ला न्यूझीलंड सलग १७ टेस्ट जिंकून आफ्रिकेत उतरलं, अठरावी प्रिटोरियाला होती, तिथे ६-१७.

थकलो. वैर आहे का विचारता? 😅

---

पायरीवरची

सोळावे गडीबुवा, छान लिहिलंत, पण १९४९ मध्ये एकाच दिवशी दोन टीम का होत्या ते सांगायचं राहिलं की. "गंमत" म्हणून सोडून दिलंत आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

आफ्रिकेला गेलेल्या टीममध्ये एकही माओरी (न्यूझीलंडचे मूळ रहिवासी) नव्हता. गोरे नाहीत म्हणून यजमानांना चालत नव्हते आणि न्यूझीलंडच्या बोर्डाने निमूट मान डोलावली. मग मागे राहिलेल्यांत जे चांगले माओरी खेळाडू होते ते वेलिंग्टनच्या मॅचला. १९२८ ला पण हेच, जॉर्ज नेपिया, त्या काळातला जगातला सगळ्यात भारी फुलबॅक, तो घरी बसला. त्याच्याही आधी १९१९ ला न्यूझीलंडच्या सैन्याची टीम युद्ध संपल्यावर आफ्रिकेत खेळली, तेव्हा 'रंजी' टोपणनावाचा विल्सन, वडील वेस्ट इंडियन आणि आई इंग्लिश, त्याला तिथे खेळू दिलं नाही. म्हणजे दोन देशांची पहिली टेस्ट व्हायच्या आधीच हा काटा रुतलेला होता.

आणि १९२१ च्या दौऱ्यात नेपियरला स्प्रिंगबॉक्स माओरी टीमशी खेळले, ९-८ कसेबसे जिंकले. बरोबर आलेल्या आफ्रिकन बातमीदाराने घरी तार केली की इथले गोरे प्रेक्षक चक्क आपल्या वर्णाच्या लोकांविरुद्ध काळ्यांच्या बाजूने ओरडत होते, बघवत नव्हतं. तारघरातून ती तार फुटली आणि न्यूझीलंडच्या पेपरात छापून आली. मोठा बोभाटा झाला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते कारण न्यूझीलंडला स्वतःबद्दल वाटायचं की आमच्याकडे सगळे समान, आणि तरी पुढची चाळीस वर्षं ते आपलेच खेळाडू वगळून जात राहिले. आफ्रिकेला हरवण्याची भूक एवढी की त्यासाठी आपलाच माणूस मागे ठेवायचा.

१९६० ला 'माओरी नाहीत तर दौरा नाही' म्हणून दीड लाखाहून जास्त सह्या गोळा झाल्या, त्याच वर्षी मार्चमध्ये आफ्रिकेत शार्पव्हिलला पोलिसांनी काळ्या निदर्शकांवर गोळीबार केलेला, तरी टीम गेली. १९६५ चा दौरा चालू असतानाच आफ्रिकेचे पंतप्रधान फरवूर्ट यांनी पुढच्या वेळी माओरी आणू नका असं सुनावलं, तेव्हा कुठे १९६७ चा दौरा रद्द केला. मग १९७० ला तोडगा काय निघाला, तर माओरी आणि सामोअन खेळाडूंना 'मानद गोरे' म्हणून येऊ देणार. मानद गोरे! सिड गोइंग आणि ब्रायन विल्यम्स त्यातलेच. विल्यम्स तेव्हा कोवळा पोरगा होता, खेळला असा की स्टेडियममध्ये वेगळ्या कुंपणात बसवलेले काळे आणि मिश्रवर्णी प्रेक्षक वेडे झाले. ते लोक नाहीतरी पाहुण्यांच्याच बाजूने असायचे, जो आपल्या मालकाला हरवेल तो आपला, साधा हिशोब. केपटाऊनकडे आजही ऑल ब्लॅक्सचे पाठीराखे भरपूर आहेत, घरात बाप-आजोबांपासून चालत आलेलं.

---

नाक्यावरचा

मानद गोरे 🤦 हे मला कोणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

मग बाकीचं जग काय करत होतं? आपण तर १९७४ ला डेव्हिस कपची फायनल सोडली होती ह्याच कारणासाठी.

---

पायरीवरची

बाकीचं जग वैतागलं ते १९७६ ला. जूनमध्ये जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत काळ्या शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या आणि त्याच महिन्यात ऑल ब्लॅक्स दौऱ्यावर निघाले. आफ्रिका खंडातले बाकीचे देश म्हणाले न्यूझीलंडला मॉन्ट्रियल ऑलिंपिकमधून काढा, ऑलिंपिक समिती म्हणाली रग्बी आमचा खेळच नाही, मग वीसहून जास्त देशांनी ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. १५०० मीटरला टांझानियाचा फिल्बर्ट बायी विरुद्ध न्यूझीलंडचा जॉन वॉकर ही शर्यत सगळ्या जगाला बघायची होती, ती झालीच नाही, वॉकर एकटा गोल्ड घेऊन आला. एका रग्बी दौऱ्यापायी. आणि तो दौरा तरी जिंकले का, तर नाही, ३-१ हरले.

१९८१ बद्दल सविस्तर लिहिते, कारण तिथे ही गोष्ट मैदानात उतरली, अक्षरशः.

स्प्रिंगबॉक्स न्यूझीलंडमध्ये आले. पंतप्रधान मल्डून म्हणाले सरकार खेळात पडत नाही. ५६ दिवस देश दुभंगलेला होता, एकाच घरात बाप तिकीट काढून मॅचला आणि मुलगी हेल्मेट घालून मोर्चाला. २५ जुलैला हॅमिल्टनला साडेतीनशेच्या आसपास माणसं कुंपण तोडून मैदानाच्या मधोमध हात गुंफून उभी राहिली, मॅच रद्द. प्रेक्षक इतके खवळले की बाहेर पडणाऱ्या निदर्शकांना बाटल्या आणि ठोसे. त्यानंतर प्रत्येक मैदानाला काटेरी तारा. ऑल ब्लॅक्सचा कॅप्टन ग्रॅहम मोरी आणि सेंटर ब्रूस रॉबर्टसन यांनी आधीच सांगितलेलं की आम्ही यांच्याविरुद्ध खेळणार नाही.

टेस्ट १-१ झाल्या. १२ सप्टेंबर, ईडन पार्क, शेवटची. बाहेर रस्त्यावर पोलीस आणि मोर्चेवाले भिडलेले, आणि वर एक छोटं सेस्ना विमान. ते खेळ चालू असताना मैदानावरून इतकं खाली घिरट्या घालतंय की गोलपोस्टला लागेल की काय, आणि प्रत्येक फेरीला आतून पिठाच्या पिशव्या, पत्रकं, फटाके टाकतंय. पिशवी गवतावर आपटली की पांढरा ढग. एक पिशवी प्रॉप गॅरी नाइटला बसली आणि शंभर किलोचा तो गडी आडवाच झाला. रेफरी वेल्सचे क्लाइव्ह नॉर्लिंग, त्यांनी दोन्ही कॅप्टनना विचारलं थांबवायची का, दोघेही म्हणाले नाही. पीठ झटकून परत स्क्रम!

आणि त्यात मॅच कसली तर श्वास रोखायला लावणारी. आफ्रिकेच्या रे मोर्टने तीन ट्राय केले, तिसरा अगदी शेवटी, २२-२२. कन्व्हर्जन घातलं की आफ्रिका मालिका जिंकणार, आणि किक मारायला नास बोथा, म्हणजे डोळे मिटून मारेल असा माणूस. चुकला. मग इंज्युरी टाइममध्ये न्यूझीलंडला पेनल्टी, अॅलन ह्यूसनने मारली, २५-२२.

मी ह्या मॅचचं फुटेज बघते तेव्हा दर वेळी मला कळत नाही की मी कोणाच्या बाजूने आहे. विमानातल्या माणसाच्या बाजूने आहे हे डोक्याला माहीत असतं, पण ह्यूसन पळत येतो तेव्हा पोटात गोळा येतोच.

---

सोळावा गडी

पायरीवरची, तुमचा प्रतिसाद वाचून माझा स्क्रमचा सिद्धांत जरा पोरकट वाटायला लागला. मान्य, १९४९ चं कारण मला लिहायला हवं होतं.

भर घालतो. १९८५ ला ऑल ब्लॅक्स जाणार होते, ते कोर्टाने अडवलं. दोघा जणांनी केस टाकली की बोर्डाच्या घटनेत लिहिलंय खेळाची वाढ करायची, आणि हा दौरा खेळाची वाट लावतोय. निघायच्या तोंडावर मनाई हुकूम. मग १९८६ ला बहुतेक तेच खेळाडू 'कॅव्हेलियर्स' नाव घेऊन गुपचूप गेले, चारपैकी तीन मॅच हरले, त्या अधिकृत टेस्ट धरत नाहीत. जॉन कर्वन आणि डेव्हिड कर्क नाही गेले. आणि हाच कर्क पुढच्या वर्षी पहिला वर्ल्ड कप उचलतो.

---

शंकेखोर

अहो मी आकडा विचारला आणि तुम्ही मला शंभर वर्षं फिरवून आणलं. दंडवत.

आता १९९५ च्या फायनलचं सांगा. मंडेला जर्सी घालून आले तेवढं माहीत आहे, आणि कुठेतरी वाचलं की न्यूझीलंडच्या टीमला विष घातलं होतं. हे खरं की व्हॉट्सअॅपी?

---

आकडेमोड

आधी १९९२. बहिष्कार उठल्यावर आफ्रिका परत आली ती न्यूझीलंडविरुद्धच, १५ ऑगस्ट, जोहान्सबर्गचं एलिस पार्क. हिंसाचारातल्या बळींसाठी शांतता पाळायची आणि गोऱ्यांच्या राजवटीचं जुनं राष्ट्रगीत वाजवायचं नाही असं ठरलं होतं, तर प्रेक्षकांनी त्या शांततेतच जुनं राष्ट्रगीत म्हटलं. न्यूझीलंड २७-२४. तीनच वर्षांनी त्याच मैदानात मंडेला स्प्रिंगबॉकची ६ नंबरची जर्सी घालून उतरतात आणि तोच प्रेक्षक त्यांच्या नावाचा गजर करतो. हा फरक १९९२ माहीत नसेल तर पोचत नाही.

आजारपण: फायनलच्या दोनेक दिवस आधी ऑल ब्लॅक्सच्या बऱ्याच खेळाडूंना उलट्या-जुलाब झाले हे खरं. कोच लॉरी मेन्स यांनी नंतर 'सुझी' नावाच्या वेट्रेसने घातपात केला असं म्हटलं. सिद्ध काही झालं नाही. इथपर्यंतच लिहा, पुढची सगळी कादंबरी.

मॅच: २४ जून १९९५. सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध एकट्या जोना लोमूने चार ट्राय केले होते. फायनलला शून्य. दोन्ही बाजूंनी एकही ट्राय नाही. निर्धारित वेळेत ९-९, एक्स्ट्रा टाइममध्ये १५-१२. आफ्रिकेचे सगळे १५ योएल स्ट्रान्स्कीचे, न्यूझीलंडचे सगळे १२ अँड्र्यू मर्टन्सचे. शेवट स्ट्रान्स्कीचा ड्रॉप गोल. त्याआधी शेवटच्या मिनिटांत मर्टन्सचा ड्रॉप गोल हुकलेला, तो गेला असता तर हा धागा वेगळा असता.

---

नाक्यावरचा

आणि मॅचच्या आधी जंबो जेट स्टेडियमवरून एवढं खालून नेलं की लोकांना वाटलं कोसळतंय, पंखांखाली टीमला शुभेच्छा रंगवलेल्या. ह्या दोन देशांना मॅचला विमान लागतंच का? 😂

---

सोळावा गडी

नाक्यावरचा 😂😂

२०२३ ची पॅरिसची फायनल कोणी लिहिलीच नाही अजून. परत तेच, आफ्रिकेचा एकही ट्राय नाही, हांद्रे पोलार्डच्या चार पेनल्टी, १२. न्यूझीलंडकडून बोडेन बॅरेटने ट्राय केला, तरी एकूण ११. कन्व्हर्जन हुकलं, नंतर जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी पण हुकली. आणि कॅप्टन सॅम केनला रेड कार्ड, वर्ल्ड कप फायनलमधलं पहिलं, म्हणजे निम्म्याहून जास्त मॅच चौदा जणांत खेळून एका पॉइंटने हरले. मी आफ्रिकेचा आहे तरी त्या रात्री केनकडे बघवत नव्हतं, खुर्चीत बसून नुसता समोर बघत होता.

त्याच्या दोन महिने आधी ट्विकनहॅमला सराव सामन्यात ३५-७. तेव्हा तो ऑल ब्लॅक्सचा सगळ्यात मोठा पराभव होता, आणि आता शंकेखोर यांनी बघितली ती ४३-१०. दोन्ही विक्रम आफ्रिकेनेच केलेले. ट्विकनहॅमला आठ राखीव खेळाडूंपैकी सात फॉरवर्ड (स्क्रमवाले) होते, फायनललाही तेच. सगळं जग हसत होतं की बॅकपैकी (स्क्रमबाहेरच्या पळणाऱ्यांपैकी) कोणी जखमी झाला तर काय करणार. स्क्रम स्क्रम स्क्रम! तर माझा सिद्धांत अगदीच वाया गेलेला नाही.

---

आकडेमोड

सिद्धांतासाठी एक उलट आकडा पण ठेवून देतो, सप्टेंबर २०१७, ऑकलंडजवळ आल्बनी, न्यूझीलंड ५७, आफ्रिका ०.

आणि २०१९ ला वर्ल्ड कपच्या ग्रुपमध्ये न्यूझीलंडने आफ्रिकेला २३-१३ हरवलं, तरी कप आफ्रिकेने नेला.

---

सोळावा गडी

५७-० ची आठवण काढायची काही गरज होती का.

---

पायरीवरची

शंकेखोर, तुमच्या मूळ प्रश्नाला एक ओळ माझ्याकडून. २०१९ आणि २०२३ चा कप उचलणारा आफ्रिकेचा कॅप्टन सिया कोलिसी हा त्या टेस्ट टीमचा पहिला काळा कॅप्टन, आणि जुन्या नियमांत तो फक्त त्या वेगळ्या कुंपणात बसून ऑल ब्लॅक्ससाठी ओरडू शकला असता. ६३-४३ मध्ये हे कुठल्या रकान्यात टाकायचं ते आकडेमोड यांना विचारा.

२०२६ साठी जुन्या पद्धतीचा लांब दौरा जाहीर झालाय, न्यूझीलंड आफ्रिकेत, टेस्ट आणि मधे स्थानिक टीमशी सामने. त्यातली एक टेस्ट सोवेटोच्या स्टेडियमवर. १९७६ डोक्यात ठेवून बघा.

---

शंकेखोर

नक्की बघतो. आणि १९८१ चं फुटेज आत्ताच शोधायला बसतोय, पिठाची पिशवी बघितल्याशिवाय झोप यायची नाही.

६३-४३ चे शब्द मागे घेतले. पण मंडळी, एवढे प्रतिसाद झाले आणि ऑफसाइड म्हणजे काय ते कोणीच सांगितलं नाही.

---

आकडेमोड

त्याला वेगळा धागा काढा. तिथे खरं वैर दिसेल.